साधनाज् इटली

साधनाचा फोन आला तेव्हा स्मिता भेंडी पुसत बसली होती. स्क्रीनवरचं नाव वाचलं आणि हातातली भेंडी मधोमध मोडली.

"अगं स्मिता, आमचं ठरलं एकदाचं! इटली! जूनच्या सुट्टीत. लग्नाला पंचवीस वर्षं झाली ना. रोम, फ्लॉरेन्स सगळं टूरवाले बघतायत, पण टूर संपल्यावर दोन रात्री जेनोआला राहायचंय. तेवढं आमचं आम्हाला बघायचंय. म्हणजे तुलाच बघायचंय!" साधना हसली. स्वतःच्या विनोदाला पहिली दाद तिची स्वतःचीच असे.

"कसलं हॉटेल हवंय?"

"साधंच गं. फाइव्ह स्टारचं आम्हाला काही कौतुक नाही. छोटंसं, स्वच्छ, जुन्या गावात, अगदी मध्यभागी. खरा इटालियन माणूस राहतो तसं."

खरा इटालियन माणूस हॉटेलात कशाला राहील, स्वतःच्या घरी राहील, असं स्मिताच्या ओठांवर आलं होतं. ती म्हणाली, "बघते."

"शीट बनवशील ना? तुझी ती एक्सेलची?"

"बनवते की."

फोन ठेवल्यावर तिनं उरलेली भेंडी अतिशय शांतपणे चिरली. सिंगापुरातच वाढलेली तिची सोळा वर्षांची मुलगी अवनी समोर सिरियल खात होती. ती इथल्या पोरांच्या शेपटासकट म्हणाली, "आई, तू स्माइल का करतेस? क्रीपी आहे, लाह."

आता हे हसू समजायचं तर दोन वर्षं मागे जायला हवं.

सिंगापुरात राहणाऱ्या मराठी माणसांत पुढाऱ्याला मान नाही, कवीला तर नाहीच नाही. मान आहे तो सहलीची शीट बनवणाऱ्याला. स्मिता तोआ पायोहच्या एका ऑफिसात टेस्टिंगचं काम करायची, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामात काय बिघडू शकतं ते आधी शोधून काढायचं. तीच सवय तिनं सहलीला लावली. तिच्या शीटमध्ये कुठल्या स्टेशनवर कुठल्या दारानं बाहेर पडायचं, हे असे. कुठल्या देवळाबाहेर सावली किती वाजेपर्यंत असते, हे असे. आणि शेवटी एक रकाना असे, 'खरं काय'. हॉटेलवाले 'निसर्गरम्य' म्हणतात, खरं काय? डास. 'ऐतिहासिक वास्तू' म्हणतात, खरं काय? गरम पाणी साडेसातपर्यंत.

जपानच्या सहलीची शीट करायला तिला पाच महिने लागले होते. अकरा टॅब. प्रत्यक्ष जाऊन आल्यावर तिनं ती पुन्हा दुरुस्त केली आणि साधनानं मागितली म्हणून दिली. त्यानंतर इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात साधनाचं 'मी पाहिलेलं जपान' हे भाषण झालं. त्यात पडद्यावर जी शीट झळकली तिच्या माथ्यावर लिहिलं होतं, 'साधनाज् जपान प्लॅनर'.

हेही स्मितानं पचवलं असतं. पण क्योतोच्या टॅबमध्ये तिनं एक टीप लिहिली होती. 'उत्तरेच्या दारानं जाऊ नये. इथे हेमचंद्र चाळीस मिनिटं हरवला होता.' हेमचंद्र म्हणजे स्मिताचा नवरा. साधनानं संपूर्ण शीटमध्ये 'हेमचंद्र' शोधून त्या जागी स्वतःच्या नवऱ्याचं नाव, 'गोविंद', घातलं होतं. दीडशे लोकांसमोर पडद्यावर गोविंद क्योतोत हरवला. चहाच्या वेळी लोकांनी त्याला गराडा घातला, "अहो, काय झालं होतं नेमकं?" गोविंद मुळात सज्जन माणूस, दोन मिनिटं गोंधळला. तिसऱ्या मिनिटाला त्यानं सांगायला सुरुवात केली. पाचव्या मिनिटाला त्याच्या गोष्टीत एक जपानी म्हातारी आली.

हेमचंद्र बाजूलाच समोसा हातात धरून ते ऐकत होता.

त्याच चहाच्या वेळी मंडळातल्या सारंगची बायको अनघा स्मिताजवळ आली आणि म्हणाली, "काय मेहनत आहे ना साधनाताईंची! तुम्हीपण ट्रिपा करता ना? शिका काहीतरी त्यांच्याकडून."

स्मिता शिकली.

पुढचे दोन आठवडे तिनं जेनोआच्या जुन्या गावातल्या हॉटेलांचा जो अभ्यास केला, तो जपानलाही केला नव्हता. एरवी ती लोकांचे अभिप्राय वरून खाली वाचायची. या वेळी खालून वर. एक तारा देणारी माणसं तिला एकदम आपली वाटू लागली. कुणी डच बाई लिहीत होती, 'आम्ही इथे झोपलो नाही, वाट पाहिली.' हे वाचून स्मिताला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं.

शिवाय तिच्याजवळ साधना आणि गोविंदची सगळी माहिती होती. सहलीआधी ती प्रत्येक कुटुंबाकडून एक फॉर्म भरून घ्यायची. कुणाला काय खायचं नसतं, कुणाला काय सोसत नाही, कुणाला कशाशिवाय जमत नाही. साधनानं स्वतःच्या हातानं लिहून दिलं होतं, 'पहाटे जाग आली की पुन्हा झोप येत नाही. उठल्याबरोबर चहा. बाथरूम खोलीतच हवी. गोविंदला जिने नकोत, धाप लागते, लगेच चिडतो.'

अखेर एका रविवारी दुपारी सेरंगूनच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये तिनं लॅपटॉप हेमचंद्रसमोर ठेवला.

"लोकांदा सान फुल्जेन्झियो," तिनं वाचलं. "लोकांदा म्हणजे साधी सराई. चौथा मजला."

"लिफ्ट?"

"नाही. जिना दगडी, सतराव्या शतकातला. पायऱ्यांची उंची प्रत्येक वेळी वेगळी."

"बाथरूम?"

"कॉरिडॉरच्या टोकाला. तीन खोल्यांत मिळून एक. खोलीत किटली चालत नाही. स्वतःची आणलेली तर जप्तच करतात. नाश्ता साडेआठला, एक टोस्ट आणि कॉफी. चहा मागितला तर मालकीणबाई कोमट पाणी देतात, असं एका ब्रिटिश माणसानं लिहिलंय. लिहिताना तो रडला असावा."

हेमचंद्र खुर्चीत पुढे सरकला. "आणि हे खिडकीसमोर काय दिसतंय?"

"चर्चची घंटा. खिडकीपासून सहा मीटर. दर पंधरा मिनिटांनी."

"रात्रीसुद्धा?"

"नाही, रात्री बंद. पहाटे साडेपाचला सुरू."

"अरेरे," हेमचंद्र मनापासून हळहळला. "रात्री बंद." थोडा वेळ विचार करून तो म्हणाला, "पण हे बरं का आपण करतोय ते? म्हणजे, गोविंद तसा..."

"जपानी म्हातारी," स्मिता म्हणाली.

"पाठव," हेमचंद्र म्हणाला.

शीटमध्ये तिनं एक अक्षर खोटं लिहिलं नाही. ते तिच्या तत्त्वात बसत नव्हतं. 'जुन्या गावाच्या अगदी मध्यभागी. स्थानिक कुटुंब चालवतं. मूळ दगडी जिना. खोलीच्या खिडकीतून चर्चच्या मनोऱ्याचं जवळून दर्शन. पहाटेचा घंटानाद. चादरी स्वच्छ.' साधनानं मागितलं होतं ते सगळं होतं. फक्त शेवटचा रकाना नव्हता. 'खरं काय' हा रकाना तिनं उडवला आणि शीट पाठवली.

शीटच्या माथ्यावर तिनं लिहिलं होतं, 'जेनोआ – स्मिता'. यात थोडी जोखीम होती. साधना परत येऊन म्हणणार, स्मितानं हे असं हॉटेल दिलं. दोन वर्षांपूर्वी गेलेलं नाव परत मिळायचं ते असं मिळायचं. त्यावर तिनं विचार केला होता. नाव जायचं तर जाऊ दे, पण त्या बाईच्या कानात घंटा वाजली पाहिजे.

तीन दिवसांनी मंडळाच्या ग्रुपवर फाइल आली. 'साधनाज् इटली! खूप मेहनतीनं शोधलेलं एक हिडन जेम शेअर करतेय. प्रेमानं वापरा.' खाली बेचाळीस अंगठे, अकरा बदाम.

स्मितानं फाइल उघडली. माथ्यावरचं तिचं नाव गेलं होतं.

ती सोफ्यावर बसली. मग उठून देवापाशी गेली, निरांजन लावलं आणि परत येऊन बसली. हेमचंद्रनं विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही. कुणीतरी माझ्या बाजूनं आहे."

त्याच टूरला निघालेल्या सारंग आणि अनघानं त्याच दिवशी सान फुल्जेन्झियोची खोली घेतली. 'साधनाताईंनी शोधलंय म्हणजे डोळे मिटून!' अनघानं ग्रुपवर लिहिलं. अनघाचे डोळे मिटणार नाहीत याची व्यवस्था स्मितानं केलीच होती, त्यामुळे तिच्याबद्दल वाईट वाटायचं कारण नव्हतं. शिवाय आता कुणी मागे फिरणारही नव्हतं. सगळे एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे पासपोर्ट भारताचाच, सगळ्यांना व्हिसा काढावा लागणार, आणि व्हिसाच्या अर्जाला हॉटेलचा कागद जोडलेला. एकदा त्या कागदावर व्हिसा मिळाला की हॉटेल बदलायचं नाही, बदललं तर विमानतळावर विचारतात, ही समजूत इथल्या मराठी माणसांत इतकी पक्की आहे, की भूकंप झाला तरी त्याच हॉटेलच्या ढिगाऱ्यात जाऊन झोपतील. असं कुणी कधी विचारत नाही, हे स्मिताला ठाऊक होतं. ते तिनं याआधी दहा जणांना सांगितलं होतं. या वेळी सांगायचं राहून गेलं.

घोळ झाला तो विमलकाकूंचा. यिशुनला मुलाकडे राहणाऱ्या विमलकाकू एकाहत्तर वर्षांच्या. दोन्ही गुडघे कुरकुरणारे, आणि मुलगा अनिमेष त्यांना त्याच टूरनं नेत होता. त्यानं ग्रुपवर विचारलं, 'साधनाताई, आईला चालेल ना हे हॉटेल?' साधनानं उत्तर दिलं, 'अरे बिनधास्त! काकूंना घंटानाद फार आवडेल.'

ते वाचून स्मिताला काकूंचे गुडघे आणि तो जिना एकदम दिसले. सूड असला तरी तो मोजून घ्यायचा असतो. तिनं काकूंना फोन लावला.

"काकू, जेनोआला तुम्ही स्टेशनजवळ राहा. मी नाव पाठवते. लिफ्ट आहे, बाथरूममध्ये धरायला कठडा आहे, चहाची किटली आहे. व्हिसाचा अर्ज अजून द्यायचाय ना? मग आजच बदला."

"पण साधना तर म्हणाली..."

"तिला काही बोलू नका, काकू. तिनं इतक्या मेहनतीनं शोधलंय. वाईट वाटेल तिला."

काकू म्हणाल्या, "स्मिता, एक विचारू? ती जपानची शीट तुझी होती ना गं?"

स्मितानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मला तेव्हाच कळलं होतं. गोविंद कसा हरवेल? तो कधी साधनाच्या दोन पावलं पुढं गेलेला मी पाहिला नाही. आणि ते 'सावली अकरापर्यंतच' वगैरे. साधनाला कधी दुसऱ्याच्या डोक्यावरचं ऊन दिसलंय का?" काकू खोकल्या. "तेव्हा बोलायला हवं होतं मी. राहिलं. तू काय करतेयस ते मी विचारत नाही. स्टेशनजवळच्या हॉटेलचं नाव तेवढं मराठीत लिही, अनिमेषच्या बारीक इंग्रजीला माझा चष्मा पुरत नाही."

स्मितानं नाव मराठीत लिहिलं, मोठ्या अक्षरात. खाली 'खरं काय' असा रकाना काढून लिहिलं, 'खरंच चांगलं आहे.' फोन ठेवल्यावर तिला दोन मिनिटं सगळं थांबवावंसं वाटलं. एका माणसाला माहीत होतं, तेवढं पुरेसं नव्हतं का? मग तिनं ग्रुप उघडला. साधनानं शीटचा फोटो पुन्हा टाकला होता, 'टीप : माझ्या प्लॅनरची कॉपी करताना कृपया नाव द्यावं.'

पुरेसं नव्हतं.

जूनमधल्या त्या बुधवारी साडेबारा वाजता स्मिता तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये जेवण आणि कोपी, म्हणजे इथली घट्ट कॉफी, घेऊन बसली होती. तिकडे पहाटेचे साडेसहा. फोन वाजला. साधना.

"स्मिता..." आवाज घोगरा होता, आणि आवाजाच्या मागे घंटा वाजत होती. नुसती वाजत नव्हती, फोनमधून टेबल हलवत होती. स्मितानं चमचा खाली ठेवला. जेवण थांबवून ऐकण्यासारखं दुसरं काही तिनं कधी ऐकलं नव्हतं.

"ऐकतेयस? हे साडेपाचपासून चाललंय! दुसरा दिवस! बाथरूमसमोर रांग आहे, एक जर्मन माणूस टॉवेल गुंडाळून गोविंदशी वाद घालतोय. चहा नाही. किटली त्या बाईनं काढून घेतली, पावती दिली तिची! गोविंद काल तिसऱ्या मजल्यावर पायरीवर बसला तो उठेना. लग्नाचा वाढदिवस आहे आज, आणि माझ्याशी बोलत नाहीये तो."

"अरेरे," स्मिता म्हणाली. "चादरी स्वच्छ आहेत ना?"

"चादरी? हो, चादरी... ते जाऊ दे. तू ग्रुप बघितलास का? अनघानं काय काय लिहिलंय! माझं हॉटेल, माझं हिडन जेम! आणि विमलकाकू तिकडे लिफ्टवाल्या हॉटेलात चहा पितानाचे फोटो टाकतायत. लोक हसतायत गं मला." घंटेनं इथे आणखी चार टोले दिले. ते संपेपर्यंत साधना थांबली. मग तिचा आवाज एकदम मऊ झाला. "स्मिता, एक करशील? ग्रुपवर सांग ना, की शीट तू बनवली होतीस. इटलीची. हवं तर जपानचीसुद्धा. खरं तर दोन्ही तुझ्याच. मी सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही, तू सांगितलंस तर ठेवतील. तुझं नाव आहे ना शीटच्या बाबतीत. सगळ्यांना माहीत आहे."

दोन वर्षं स्मितानं हे वाक्य मनात किती वेळा ऐकलं होतं. एमआरटीच्या गाडीत उभी असताना, भांडी लावताना, मीटिंगमध्ये. दर वेळी साधना रडत असे आणि स्मिता उदार मनानं माफ करत असे. आता साधना जवळजवळ रडतच होती, आणि नाव, दोन्ही शीटवरचं, फोनच्या पलीकडून तिच्यासमोर धरलेलं होतं. नुसतं 'हो' म्हणायचं होतं.

तिनं कोपीचा एक घोट घेतला.

"काहीतरीच काय साधना, माझी कुठली?" ती म्हणाली. "मी नुसती थोडी मदत केली असेल. वर तुझंच नाव आहे."

"स्मिता..."

"आणि गोविंदला म्हणावं, पायरीवर कसला बसतोस. क्योतोत हरवला होतास, त्यापुढे हे काय."

पलीकडे पावणेसातची घंटा सुरू झाली. स्मितानं ती शेवटच्या टोल्यापर्यंत ऐकली आणि मग फोन ठेवला.