बलरामच्या छपरावरची बरणी

एकोणीसशे अठ्ठावन्न सालची गोष्ट. तेव्हा पोर्ट लुईसवर इतकी धूळ बसायची, की आठवडाभर कपाट पुसलं नाही तर त्यावर वांगी लावता यायची. खोटं वाटत असेल तर चंद्रमोहनच्या बायकोला, अनुसयेला विचारा. तिने त्यांचं भरीत केलं होतं. बंदरातली कोळशाची भुकटी, आगगाडीचा धूर, जाळलेल्या उसाची काळी राख, रस्त्यांवरची लाल माती. शिवाय पलीकडे रियुनियन बेटावरचा ज्वालामुखी शिंकला, की त्याचाही वाटा इकडेच.

ही धूळ मोजायला सरकारने एक गोरा साहेब नेमला. धूळ धरायची काचेची बरणी ठेवायला त्याने छप्पर निवडलं, ते बलरामचं. चंद्रमोहनच्या सख्ख्या शेजाऱ्याचं.

झालं! पंधरा वर्षं सरकारी कारकुनी करूनही चंद्रमोहनच्या दारात कधी कुणाची सायकल थांबली नव्हती, आणि आता दर महिन्याला बलरामच्या दारात काळी मोटार. त्याची बायको इंद्राणी साहेबाला चहाबरोबर करंज्या द्यायची. सगळी गल्ली खिडकीत.

"आपली धूळ काय हलकी आहे?" चंद्रमोहनने बायकोला विचारलं.

"हलकी कशी असेल? झाडते मी," अनुसया म्हणाली.

दर रविवारी बलराम सहकुटुंब मराठी मंडळात जायचा. तेवढ्यात चंद्रमोहन शिडी लावून चढायचा, बरणीतली धूळ रुमालात बांधायचा आणि आपल्या छपरावर पसरायचा. इकडे धूळ दिसली, की साहेब बरणी इकडे आणणार, आणि बरणीमागे मोटार येणार.

डाव साधला. चौथ्या महिन्यात साहेबाने चंद्रमोहनच्या छपरावरून बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं आणि बरणी तिथेच ठेवली.

पुढच्या पहिल्या तारखेला अनुसयेने करंज्या तळल्या. चंद्रमोहन रजा टाकून, टाय बांधून दारात उभा राहिला. गल्ली खिडकीत आलीच होती.

साहेब आला. सपाता घालून, चालत.

"मोटार कुठे, साहेब?"

"मोटार कशाला?" साहेब बेटावरच्या क्रेओल बोलीत मोडकंतोडकं म्हणाला. "मी आता बलरामच्या माडीवर राहतो. मडमेला खोकला आहे ना. तुझ्या शेजाऱ्याचं घर बघ, तीन महिने बरणीत धुळीचा कण नाही. अख्ख्या शहरात असं घर दुसरं नाही."

चंद्रमोहनने करंज्यांचं ताट पुढे केलं. साहेबाने पोटावर हात ठेवून नको म्हटलं. सकाळीच इंद्राणीच्या हातच्या चार झाल्या होत्या.