रुमालाखालचा भाव

८ जानेवारी २०२४, सोमवार. सकाळी दाट धुकं, दहानंतर कोरडं ऊन. वारा नाही.

मी रुमाल बोलतोय. खिशातला नव्हे, खांद्यावरचा. दोन माणसांचे हात झाकतील एवढा. दोंडाईच्याकडच्या एका मिरची बाजारात भूपेंद्रशेठ अडत्याच्या खांद्यावर माझी सगळी उमर गेली. भुसावळच्या दुकानातून आलो तेव्हा पांढरा होतो. घाम पुसावा लागेल, एवढंच वाटलं होतं.

काम वेगळंच निघालं. शेतकरी ढीग ओततो. घेणारा व्यापारी येतो. शेठ मला दोघांच्या हातांवर टाकतो आणि आत व्यापारी शेठची बोटं धरतो. जितकी बोटं, क्विंटलला तितके हजार. मग शेठ मोठ्याने भाव सांगतो. माल ज्याचा, त्याला आतलं काही दिसत नाही. मला दिसतं. बोटं एक बोलतात, तोंड त्याहून कमी. मधला फरक शेठचा. त्या ओलसर, तंबाखूच्या वासाच्या हातांची मला किळस येते. कितीही धुवा, तो वास माझ्यातून जात नाही.

त्याहून किळस येते शेठच्या गोड बोलण्याची. प्रत्येक शेतकऱ्याला तो म्हणतो, "शेती काय, व्यापार काय, दोन्ही वैश्याचीच कामं. आपला वर्ण एकच!" आणि लगेच मला पसरतो.

आज भिकुबाई आली. मिरची तिनेच लावलेली, तिनेच तोडलेली. भाव स्वतः ऐकूनच माल द्यायचा, असं ठरवून आली होती. शेजारी तिचा दीर वना, त्याचाही तसाच ढीग. अमृत व्यापाऱ्याने माझ्याखाली हात घातला, तशी ती स्वतःचा हात पुढे करत आली.

"शेठ, आपला वर्न एकच शे ना? मंग रुमालमा मना हात का बरं नई?"

"अक्का, हात धरायचा तर घरी नवऱ्याचा धरा!" अमृत म्हणाला. सगळे हसले. वनाही हसला. "वहिनी, गुपचूप उभी ऱ्हाय," म्हणाला.

शेठने घसा खाकरला. "साडेतीन हजार!"

भिकुबाईने मला खसकन ओढलं.

उन्हात दोन हात उघडे पडले. अमृतच्या मुठीत शेठची चार बोटं होती. पूर्ण चार.

"देखा रे बठ्ठा! तोंड साडेतीन, हात चार!" ती सगळ्यांना ओरडून म्हणाली.

कुणी हसलं नाही. शेठ मला परत मागू लागला. "अक्का, रुमाल द्या. तो धंद्याचा आहे."

"धंदाना शे, म्हनीसनच देत नई," ती म्हणाली आणि मला खांद्यावर टाकलं.

भिकुबाईची मिरची चार हजारांनी गेली. वनाच्या ढिगाशी शेठने दुसरा रुमाल काढला. वनाची मिरची साडेतीन हजारांनी गेली.