पाचपैकी पाच

रत्नागिरीबाहेरच्या त्या वृद्धाश्रमात हौसाला सात वर्षं झाली होती. अंथरुणाला खिळलेली अठरा माणसं तिच्या वाट्याला. त्यांचं भरवणं, पुसणं, हागणं-मुतणं काढणं, सगळं ती करायची, आणि त्याची शिसारी तिला कधी आली नाही. २००४ साली आली ती एका कागदाची.

मुंबईच्या कुठल्याशा संस्थेचे सलिल नावाचे गृहस्थ पाहणीला आले होते. म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या बायकांना कामाचा किती आत्मविश्वास वाटतो, ते एक ते पाच आकड्यांत मोजायचं होतं. आश्रम चालवणाऱ्या हेमाताईंनी आदल्या दिवशीच सगळ्याजणींना बजावलं, पाचच लिहा. हौसाला वाचायला जड जाई, म्हणून तिचा कागद त्यांनीच भरून टाकला.

सलिल पडताळणीसाठी एकेक ओळ वाचू लागले. शय्याव्रण होऊ न देणे, पाच. हौसाने अर्थ विचारला. पडून पडून पाठीला जखम होते ती, त्यांनी सांगितलं.

सकाळीच तिने खाटेवरच्या अण्णांच्या पाठीची जखम धुतली होती. तिच्या तोंडाला कडू पाणी सुटलं.

"तिथं एक लिहा," ती म्हणाली.

"मावशी, तुम्हाला येत नाही का?"

"येतं की. दर दोन तासांनी कूस बदलायची. पन मी एकटी नि मानसं अठरा. कशी पुरी पडू?"

माणसं किती, हे कागदात बसत नाही, असं त्यांनी समजावलं. प्रश्न फक्त तिच्या आत्मविश्वासाचा होता.

तेव्हा हौसा त्यांना अण्णांच्या खाटेपाशी घेऊन गेली. अण्णा निवृत्त मास्तर. त्यांना कुशीवर वळवून तिने पट्टी उचलली. तळहाताएवढी जखम, आत हाड दिसत होतं. सलिलनी नाकाला रुमाल लावला आणि बाहेर पायरीवर जाऊन ओकले.

अण्णांना सगळं ऐकू येत होतं. भिंतीकडे तोंड करून ते म्हणाले, "हौसा, त्यांना पाणी दे. माझ्यामुळे त्रास झाला."

पुढच्या महिन्यात अण्णा गेले. त्यानंतर अहवाल आला. आश्रमाला उत्तम शेरा होता. हौसाच्या नावापुढे लिहिलं होतं, आत्मविश्वास कमी, प्रशिक्षण द्यावे.

प्रशिक्षण द्यायला एक बाई आल्या. सगळ्याजणींना ओळीत उभं करून त्यांनी 'मला जमतं' असं मोठ्याने म्हणायला लावलं. हेमाताईसुद्धा टाळ्या वाजवत म्हणत होत्या. हौसा ओळीतून बाहेर पडली आणि आत गेली. अठरांतल्या गोदूबाईंचं अंथरूण ओलं झालं होतं.