चाकांची दुखणी ऐकणारी हातोडी

मित्रांनो, मी एक जुनी हातोडी आहे, पण खिळे ठोकणारी नव्हे. इजिप्तच्या किनाऱ्यावरच्या एका शहरात, ट्रामच्या डेपोतल्या लोहाराने मला घडवले. माझे काम एकच: ट्रामच्या चाकावर टोला द्यायचा आणि आवाज ऐकवायचा. धड चाक खणखणीत वाजते, तडा गेलेले बद्द वाजते. चाके माझ्याशी कधी खोटे बोलली नाहीत. माणसांबद्दल तसे सांगता येत नाही.

माझे मालक उस्ता बिशारा, म्हणजे डेपोतले सर्वांत जुने मिस्त्री. एके दिवशी नुकतीच इंजिनिअर झालेली नग्ला त्यांच्या हाताखाली आली. कोरी पदवी, कोरे बूट. तिचा पहिला टोला ऐकून उस्ता म्हणाले, "इंजिनिअरबाई, चाक आहे ते, दार नव्हे. आतून कोणी उघडणार नाही." सगळे हसले, तीही हसली. पण पोरगी जिद्दीची. तीन वर्षे ती रोज सकाळी मला घेऊन गाड्यांखाली वाकत राहिली. शेवटी डोळे मिटून तडा ओळखू लागली, तेव्हा "आता ही तुमची," म्हणत उस्तांनी मला तिच्या हाती दिले. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत सुखाचा दिवस.

मग ती पाळीप्रमुख झाली, देखभाल विभागाची प्रमुख झाली आणि दोन जिने वर, व्यवस्थापकाच्या खोलीत गेली. मलाही तिने नेले, पण कागद उडू नयेत म्हणून टेबलावर ठेवायला. पाहुणे म्हणत, "वा, अजून जपून ठेवलीत!" मला मेल्याहून मेल्यासारखे होई. गंज चढला तरी कोणाच्या लक्षात आले नाही.

शम्म-अन-नसीमचा सण आला. त्या दिवशी खारवलेले मासे आणि कांदे बांधून सारे शहर समुद्रावर लोटते. तीस गाड्या सोडा, असा वरून हुकूम होता. उस्तांनी दुसऱ्या हातोडीने चाके तपासली आणि चिठ्ठी वर पाठवली: 'बारा नंबरचे मागचे चाक बद्द वाजते. गाडी सोडू नये.' नग्लाने त्यांना फोन लावला.

"उस्ता, आजचा दिवस निभावून न्या. उद्या बदलू चाक."

"ते आज वाजतंय, बाई. खाली या, स्वतः ऐका, मग सोडा."

"इथे मला श्वास घ्यायला फुरसत नाही. सोडा गाडी, माझी जबाबदारी."

तिने चिठ्ठी माझ्याखाली सरकवली. मला ओरडता आले असते तर ओरडले असते, मित्रांनो. पण हातोडीला कोणीतरी उचलावे लागते.

दुपारी वळणावर चाक फुटले आणि गाडी खांबावर आदळली. प्रवाशांचे खरचटण्यावर निभावले. चालक सामेहचा मात्र एक पाय कापावा लागला.

चौकशी समिती नग्लाच्याच खोलीत बसली. गाडीच्या नोंदवहीत तपासणीच्या रकान्यात उस्तांचे नाव होते, म्हणजे ठपका त्यांच्यावर येणार होता. ते नुसते तिच्याकडे बघत उभे राहिले. पुढच्या महिन्यात तिला सगळ्या डेपोंचे प्रमुखपद मिळायचे होते, आणि चिठ्ठीची गोष्ट त्या दोघांखेरीज कोणालाच ठाऊक नव्हती. तिने हात माझ्यावर ठेवला. मग तिने मला बाजूला सारले आणि चिठ्ठी समितीच्या मुख्य साहेबांपुढे ठेवली.

"यांनी कळवलं होतं. मी खाली गेले नाही."

साहेब हळूच म्हणाले, "मॅडम, हे लिहून घेऊ? विचार करा."

"लिहा."

मला वाटले, आता उस्ता तिला माफ करतील. "खरं बोललात, चांगलं केलंत," ते म्हणाले. "पण हे दोन जिने त्या सकाळी उतरला असतात, तर सामेह चालत घरी गेला असता."

मित्रांनो, तुम्हीही शिकाल, मोठे व्हाल, वरच्या मजल्यावर बसाल. खुशाल बसा. पण खालून कोणी बोलावले, तर हातातले काम टाकून जा. सामेह हल्ली ट्रामनेच येतो-जातो. चढताना त्याला कोणाचा तरी हात लागतो.