मुठीतला खळगा

"सुरी कुठंय गं?" पारूबाईनं विचारलं.

सोनियानं हौसेनं मोरीतल्या बादलीकडं बोट दाखवलं. "भिजत घातलीय, आत्याबाई. मूठ हलत व्हती ना? आता बघा, लई घट्ट बसली असंल."

पारूबाईच्या हातात जवसाच्या तेलाची बाटली होती. त्या मुठीसाठीच ती उस्मानपुऱ्यातून शहागंजला जाऊन आली होती. तिनं सुरी बाहेर काढली. मूठ खरंच घट्ट होती. शिसवाचं लाकूड पाणी पिऊन फुगलं होतं.

"कुणी सांगितलं तुला?"

"आमच्या सोयगावाकडं कुदळीचा दांडा ढिला झाला की दादा असंच करत्यात."

आता हिला काय बोलायचं? कुदळीचा दांडा मनगटाएवढा, ओल्या मातीत राबणारा. सुरीची मूठ दोन बोटांची. भिजली की फुगते, वाळली की तडकते. लग्न होऊन तीन महिने झालेल्या ह्या सुनेला पारूबाईनं डब्यांचा सगळा स्वयंपाक शिकवला, आणि नेमकं हेच सांगायचं राहिलं.

पारूबाईचा नवरा बन्सी शहागंजात सुऱ्या-विळ्यांना मुठी बसवायचा. तिनं डबे सुरू केले तेव्हा एका मोडक्या पलंगाच्या पायातून त्यानं ही मूठ कोरून दिली. देताना एवढंच म्हणाला, "हिला पाणी दाखवू नको." बावीस वर्षं तिनं दाखवलं नव्हतं. पातं तेवढं धुवायचं, मूठ कोरडी पुसायची, दर रविवारी तेल चोळायचं. बन्सी जाऊन चार वर्षं झाली, तरी रविवार चुकला नव्हता. अंगठा टेकून टेकून मुठीत चिंचोक्याएवढा खळगा पडला होता.

"उन्हात ठेवू का?" सोनियाचा आवाज उतरला होता.

"नको. ऊन लागलं तर आत्ताच फाटंल."

पारूबाईनं सुरी फडक्यात गुंडाळून सावलीला ठेवली. राग आला होता, लई आला होता. नवरा गेला तेव्हाही इतकं लागलं नव्हतं, असं तिच्या मनात आलं आणि तिची तिलाच लाज वाटली.

पाचव्या दिवशी मूठ खिळ्यापासून टोकापर्यंत तडकली. खळगा अर्धा इकडं, अर्धा तिकडं.

शहागंजातला कारागीर म्हणाला, "खाला, प्लास्टिक की लगा लो. पानी का झंझटच नहीं."

"नको बाबा. लाकडाचीच लाव."

रविवारी सोनियानं न सांगता नव्या मुठीला तेल चोळलं. पारूबाई लांबूनच म्हणाली, "जास्तीचं पुसून घे, नायतर चिकट बसतं."

सोमवारी तिनं डब्यांसाठी भोपळा पुढ्यात घेतला. अंगठा सवयीनं खळगा शोधायला गेला आणि सरकला. पुन्हा ठेवला, पुन्हा सरकला. मग मूठ सोनियाकडं करून सुरी पुढं धरली.

"घे, तू काप."

"आन् तुम्ही?"

"मी मेथी निवडते. ह्या मुठीला खळगा पाडायला बावीस वर्षं लागत्यात. तेवढी माझ्याकडं नायत. तुझ्याकडं हायत."

सोनिया नुकतीच तांदूळ धुऊन उठली होती. तिनं दोन्ही हात ओढणीला पुसले, उलटे करून पुन्हा पुसले, आणि मग सुरी घेतली.