उंबऱ्यावरचा कोहळा

मूल गावातल्या आमच्या अंगणात दोन बाजा. एकीवर माझ्या कोहळ्याच्या वड्या वाळायच्या, दुसरीवर माझ्या धाकट्या जावेच्या, प्रेमिलाच्या. कोहळा तोच, डाळ तीच, ऊनही तेच. पण इंटरनेटवरून पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं यायची ती तिलाच.

मला एकच हवं होतं. गावाबाहेरचं, माझ्या हातची चव मागणारं एक गिऱ्हाईक.

विदर्भातून बाहेर गेलेली माणसं जिथे गप्पा मारत लिहायची, ती इंटरनेटवरची जागा सायबर कॅफेवाल्या निकेशने आम्हा दोघींना एकाच दिवशी दाखवली होती. मी बाजारात बसलेली बाई. ओरडल्याशिवाय गिऱ्हाईक वळत नाही, एवढं मला कळतं. म्हणून जिथे जिथे चार माणसं बोलताना दिसली, तिथे तिथे मी 'रीताबाईंच्या कडक वाळलेल्या वड्या' असं फोन नंबरासकट टाकून आले. त्यातली एक जागा कुणाच्या तरी वडिलांच्या श्रद्धांजलीची निघाली.

"बाई, तुमाले हाकललं तिथून," निकेश म्हणाला. "तेरवीत वड्या इकाले गेल्ता का?"

प्रेमिला मात्र काही विकायचीच नाही. भाजी कडू का झाली, अंबाडीचं काय करू, असं कुणी विचारलं की ही सांगत बसायची. शेवटी लोकच म्हणायचे, "ताई, थोड्या वड्या पाठवाल का?" काय पण साळसूद! पार्सल करायला निघाली की मुद्दाम माझ्या बाजेजवळून जायची. तशी तिच्या दाराची वाटच तिथून होती म्हणा.

मग मी नवं नाव घेऊन डिंपल झाले, प्रेमिला काय लिहिते ते वाचायला. बेंगलोरच्या एका बाईने विचारलं होतं: एकटी राहते, वड्या घालायच्यात, पण अख्ख्या कोहळ्याला पहिली सुरी पुरुषाने लावायची असं आई सांगायची. काय करू? प्रेमिलाचं उत्तर होतं, शेजारच्या भाऊंना बोलवा.

माझं डोकंच फिरलं. हिचा नवरा देवानंद चोवीस तास घरात, हिला काय कळणार! आमचे मालक कामापायी चंद्रपुरात. 'भाऊजी, जरा कोहळा कापता का' म्हणत हिच्या दाराशी किती उभं राहायचं? मी लिहिलं, "कुणाला बोलावू नका. कोहळा दोन्ही हातांनी उचला आणि उंबऱ्यावर आपटा. सुरी लागत नाही, दोषही लागत नाही." रागात होतेच, तर कीस किती पिळायचा, डाळ किती जाड वाटायची, तेही लिहून टाकलं. वड्या विकते, एवढंच लिहायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. "फुटला! आईची आठवण आली. डिंपलताई, तुम्ही वड्या विकता का?"

नंबर दिला असता तर हाकललेली रीताबाई हीच, हे उघड झालं असतं. मी तशीच घरी आले.

संध्याकाळी प्रेमिला मोबाईल घेऊन अंगणात आली.

"बाई, बेंगलोरचा फोन हाये. डिंपलताईले मागून राह्यली."

मी बाजेवरचं फडकं सारखं करू लागले.

"मीच देल्ला माहा नंबर. उंबऱ्यावर कोहळा आपटनारी साऱ्या मूलमध्ये एकच बाई हाये. मले मालूम नाई का?"

"तू काऊन देल्ला?"

"त तुमी देल्ला असता? घ्या, बोला."

मी बोलले. ती तिथून हलली नाही.

"किती सांगतल्या तिनं?" फोन परत घेताना तिने विचारलं.

"दोन किलो."

"माह्याकडून त सारे पावशेरच नेतात," ती म्हणाली, आणि आपल्या बाजेवरच्या, आधीच उलटून झालेल्या वड्या पुन्हा उलटू लागली.

तो चेहरा मी लगेच ओळखला. कितीतरी दिवस तो माझ्याकडेच होता.