चौथ्या भागातली किल्ली

शनिवारच्या मंडळातून दातवाल्याला काढून टाकलं.

म्हणजे, तसं काही झालेलं नाही. मंडळ आहे, दातवाला आहे, त्याची खिडकीजवळची खुर्चीही जागच्या जागी आहे. शनिवारी चहा झाला, गप्पा झाल्या, मंडळी आपापल्या घरी गेली. बस, एवढंच. पण लोकांचं एवढ्यावर भागत नाही, म्हणून बाकीचं सांगावं लागतं.

मंडळ म्हणजे शाळेपासूनचे तिघेजण. दातवाला एका लॅबमध्ये कवळ्या बनवायचा. दुसरा उंट. तो रंगाच्या दुकानात गिऱ्हाइकाला हवी ती छटा मिसळून द्यायचा आणि अगदी वरच्या फळीवरचे डबे शिडीशिवाय काढायचा, म्हणून उंट. तिसरी सिस्टर. ती हॉस्पिटलात खरोखरच सिस्टर होती आणि मंडळातही सुई टोचण्याआधी कुणाला विचारत नसे. दर शनिवारी संध्याकाळी उंटाच्या घरी जमायचं आणि आठवड्याभरात कोणता सिनेमा, कोणती मालिका बघितली त्यावर बोलायचं. नियम एकच होता: न बघता बोलायचं नाही.

दातवाला हा नियम वर्षानुवर्षं मोडत आला होता. साच्यात प्लास्टर ओतलं की ते घट्ट होईपर्यंत हात मोकळे असतात. तेवढ्यात तो मोबाइलवर सिनेमा लावायचा. प्लास्टर घट्ट झालं की सिनेमा बंद. त्यामुळे बहुतेक सिनेमांचे नायक त्याच्या माहितीप्रमाणे अजून घरातूनच निघालेले नव्हते. पण मत द्यायला तेवढं पुरायचं. "मध्यंतरानंतर जरा ढेपाळतो," हे सगळ्यांना चालायचं. "शेवट घाईत उरकलाय," हेही. अगदीच कोंडी झाली तर खिडकीबाहेर बघत म्हणायचं, "मला त्यातली शांतता आवडली." यावर सिस्टरसुद्धा गप्प बसायची. अशा रीतीने मंडळातला जाणकार म्हणून त्याचं नाव झालं होतं.

मग उंटाला मालिकेत काम मिळालं. दुकानात आलेल्या एका माणसाने त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, त्यात त्याचा बराच वेळ गेला, आणि शेवटी विचारलं, "कॅमेऱ्यासमोर उभे राहाल का?" चौथ्या भागात खुनाच्या घराशेजारी राहणारा माणूस वकिलाला एक किल्ली देतो, तो माणूस उंट. वाक्यं दोन: "साहेब, किल्ली माझीच आहे. पण तिचं कुलूप मी आजवर बघितलेलं नाही."

ही दोन वाक्यं उंटाने सगळ्यांना ऐकवली. बायकोला, गिऱ्हाइकांना, पिवळ्या रंगाच्या डब्यांना. तालमीत वकील व्हायचा दातवाला, आणि किल्ली म्हणून त्याच्या खिशातली एखादी कवळी चालवून घ्यायचे. त्यामुळे उंट कुठे श्वास घेतो, 'कुलूप' म्हणताना कुठली भुवई उचलतो, हे दातवाल्याला तोंडपाठ होतं. मालिका आली तेव्हा ती बघायची त्याला तशी गरजच वाटली नाही. पहिला भाग त्याने प्लास्टरपुरता बघितला. बाकीचे बघणार होता. खरंच बघणार होता.

दोन दिवसांनी उंटाचा फोन आला. "चौथा भाग बघितलास?"

"बघितला ना," दातवाला साचा हलवत म्हणाला. "डोळ्यांत पाणी आलं."

 उंट म्हणाला, "शनिवारी नक्की ये. आईला सांगायचंय. तुम्ही दोघं असलात की मला धीर येईल."

आनंदाची बातमी सांगायला धीर कशाला लागतो, हा प्रश्न दातवाल्याला पडायला हवा होता. पण प्लास्टर घट्ट होत आलं होतं.

शनिवारी तो पोचला तेव्हा खोलीत दुखवट्यासारखी शांतता होती. उंटाची आई, म्हणजे मंडळाच्या काकू, टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसल्या होत्या. काकूंची नजर इतकी अधू झाली होती की पडद्यावर त्यांना फक्त रंग आणि हालचाल दिसायची. माणसं त्या आवाजावरून ओळखायच्या. सिस्टर चहात बिस्किट बुडवून काढायचं विसरली होती. वहिनी, उंटाची बायको, दारात उभी होती. उंटाने घसा साफ केला.

"आई, मालिकेबद्दल एक सांगायचं होतं."

"थांब," दातवाला म्हणाला. "आधी मी बोलतो. स्वतःचं कौतुक स्वतः काय करतोस?"

आणि तो बोलला. उंट किल्ली पुढे करतो तेव्हा हात कसा किंचित थरथरतो. वकील कसा बघतच राहतो. 'कुलूप' या शब्दावर ती भुवई. "काकू, मी इतकी वर्षं सिनेमे बघतोय, पण दोन वाक्यांत एवढं काम केलेला माणूस बघितला नाही. आणि त्यानंतरची ती शांतता." टेबलाखालून सिस्टरने त्याच्या नडगीवर लाथ मारली. त्याला ती दाद वाटली, म्हणून त्याने शांततेबद्दल आणखी थोडं सांगितलं.

काकूंचा चेहरा हळूहळू उजळत गेला. "अरे, मग मला का नाही ऐकू आला तो? मी कान लावून बसले होते."

"तुमचा डोळा लागला असेल, काकू."

"लागला असेल मेला," काकू म्हणाल्या, आणि पदराने डोळे टिपले. "तुला खरं सांगू? मला वाटलं, काढून टाकलं माझ्या पोराला. याला विचारायची हिंमत होईना. घास उतरत नव्हता. हा आपला गप्प, ही गप्प. तू सांगितलंस म्हणून कळलं. तुझं बाकी बरं असतं, तू सगळं नीट बघतोस."

 उंट खाली बसला, आणि बसल्यावरही उंचच दिसत राहिला.

"भाऊजी," वहिनी म्हणाली, "जरा आत या. कप उतरवून द्यायचेत."

कप खालच्याच फळीवर होते. वहिनीने दार लोटलं. "कुठला भाग बघितलात?"

"चौथा."

"चौथ्यात हे नाहीत. कुठल्याच भागात नाहीत. काढून टाकलंय त्यांना." तिचा आवाज चढला नव्हता, तेच जास्त वाईट होतं. "किल्ली आता कुत्र्याच्या गळ्यात सापडते. आज आईंना खरं सांगायचं ठरलं होतं. चार दिवस शब्द जुळवत होते हे."

 दातवाल्याचे कान इतके तापले की त्यांवर मेण वितळलं असतं. काहीतरी बोलावं म्हणून तो म्हणाला, "कुत्रा कसा आहे?"

वहिनीने त्याच्याकडे बघितलं. मंडळात इतकी मतं दिली गेली होती, पण त्या नजरेएवढं स्पष्ट मत कुणी दिलं नव्हतं.

बाहेर काकूंनी चौथा भाग लावायला लावला होता. "तू माझ्याजवळ बस," त्यांनी दातवाल्याचं मनगट धरलं. "तो आला की सांग. आता डोळा लागू देणार नाही."

दातवाल्याने आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट मध्ये न थांबता बघितली. काकूंची बोटं त्याच्या नाडीवर होती आणि नाडी जे सांगत होती ते त्यांना कळू नये एवढीच त्याची इच्छा होती. खरं सांगायला अख्खा भाग हाताशी होता. त्याने दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा काकू म्हणाल्या, "आला का?" आणि त्याने मिटलं.

मग पडद्यावर अंगण आलं. वकील आला. कोपऱ्यातून एक तपकिरी कुत्रा उठला. तो उत्तम होता, हे दातवाल्याला नाइलाजाने मान्य करावं लागलं. वकील खाली वाकला.

"आता, काकू," दातवाला म्हणाला, आणि स्वतःच्याच आवाजाची त्याला शिसारी आली.

मागून, खुर्चीच्या पाठीकडून, उंटाचा आवाज आला. हळू, पण स्वच्छ. "साहेब, किल्ली माझीच आहे. पण तिचं कुलूप मी आजवर बघितलेलं नाही."

दातवाल्याने मागे वळून बघितलं नाही. भुवई उचलली गेली असणार, हे त्याला माहीत होतं.

"आवाज किती जवळून आलाय," काकू म्हणाल्या. "आणि तो कुत्रा का भुंकतोय?"

"त्याचंही काम आहे त्यात," सिस्टर म्हणाली.

"बरं करतोय तोही," काकू म्हणाल्या. "पण आमच्या पोरापुढे काही नाही."

मग त्यांनी ताट मागवलं, पोटभर जेवल्या आणि जाहीर केलं की पुढच्या शनिवारी खालच्या मजल्यावरच्या बाई, त्यांच्या दोन्ही सुना आणि समोरचे गुरुजी यांना हा भाग दाखवायचा. ही सगळी माणसं चांगल्या डोळ्यांची होती. "आणि तू ये रे," त्या दातवाल्याला म्हणाल्या. "तू समजावून सांगतोस छान."

उंट दारापर्यंत सोडायला आला. दातवाला बुटाची नाडी बांधत राहिला, कारण वर बघितलं तर उंटाचा चेहरा दिसला असता. "मी काकूंना आत्ता जाऊन सांगतो," तो म्हणाला.

"काय सांगशील?"

"की मी बघितलं नव्हतं."

"आणि मी मागे उभा राहून बोललो, तेही सांगशील?" उंट म्हणाला. "आज मी एकदा सांगून मोकळा झालो असतो रे. काढलं मला, बास. आता ती जेवली आहे पोटभर. तिचं ते जेवण कुठल्या तोंडाने काढून घेऊ?" त्याचा आवाज शांत होता. "मला वाटलं होतं, तू तरी बघशील. मी नसलो तरी बघशील."

यावर मत देता येण्यासारखं नव्हतं. उंटाने दार हळूच लावलं.

जिन्यात सिस्टर थांबली होती. "आजपासून तू मंडळाच्या बाहेर."

"पण काकूंनी बोलावलंय मला."

"मग ये. बाहेरचा म्हणून ये. त्याच खुर्चीवर बस."

घरी गेल्यावर दातवाल्याने मालिकेचे सगळे भाग शेवटपर्यंत बघितले, उंटाची निदान पाठ तरी कुठे राहिली असेल म्हणून. सहाव्या भागात गर्दीमागे एक उंच खांदा दिसला. त्याने चित्र थांबवून मोठं केलं. ते कपाट होतं. मालिका खरोखर चांगली होती, शेवटही घाईत उरकलेला नव्हता, आणि हे आता कुणालाच सांगायची सोय नव्हती. मग त्याने मालिका बनवणाऱ्या कंपनीला लिहायला घेतलं.

प्रति,
मा. व्यवस्थापक, मालिका विभाग.

विषय: चौथ्या भागातील शेजारी पूर्ववत बसवून मिळणेबाबत.

महोदय,
उपरोक्त विषयास अनुसरून कळवण्यात येते की, आपल्या मालिकेच्या चौथ्या भागात वकिलास किल्ली देण्याचे काम सध्या एका कुत्र्याकडे आहे. सदर कुत्र्याच्या कामाबद्दल अर्जदाराची कोणतीही तक्रार नाही. तथापि सदर काम मुळात अर्जदाराच्या मित्राचे असून, ते न बघताच अर्जदाराने त्याबाबत जाहीर मत दिलेले आहे. तरी सदर मित्रास त्याच्या दोन्ही वाक्यांसह व उजव्या भुवईसह मूळ जागी बसवण्यात यावे, हे काम येत्या शनिवारी चहापूर्वी पूर्ण करण्यात यावे, आणि तो पहिल्यापासून तिथेच होता असा दाखला अर्जदारास देण्यात यावा, ही नम्र विनंती.